वाचकांचे प्रश्न : वेबसाइटवर पैठणीचा रंग का बदलतो?

प्रश्न : येवल्यातील आमच्या पैठणीच्या दुकानाच्या वेबसाइटसाठी साड्यांचे फोटो मीच काढते. फोटोशॉपमध्ये लालबुंद दिसणारा पदर वेबसाइटवर काळपट दिसतो आणि पोपटी काठ पिवळट वाटतो. जास्त रंग मिळतात असे वाचल्यामुळे कॅमेऱ्यात अडोबी आरजीबी निवडले आहे. मॉनिटर बदलावा लागेल का?

उत्तर : मॉनिटरची घाई करू नका. आपण सांगितलेली लक्षणे प्रोफाइल गळाल्याची आहेत. फोटोतील प्रत्येक बिंदूसाठी लाल, हिरवा आणि निळा असे ० ते २५५ मधले तीन आकडे साठवलेले असतात. ते आकडे म्हणजे नेमकी कोणती छटा, हे फाइलसोबतचे कलर प्रोफाइल सांगते. एसआरजीबी हे वेबवरचे सर्वसाधारण रंगावकाश, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांची ठरावीक व्याप्ती; अडोबी आरजीबी त्याहून विस्तृत. एसआरजीबीमधला २५५, ०, ० हा भरलेला लाल अडोबी आरजीबीत २१९, ०, ० असा लिहिला जातो. वेबसाइट आपल्या फोटोच्या लहान प्रती तयार करताना अनेकदा प्रोफाइल काढून टाकते, आणि प्रोफाइल नसलेले चित्र एसआरजीबीच आहे असे धरण्याचा वेबवरचा प्रघात असल्याने ब्राउझर ते २१९ जसेच्या तसे दाखवतो. म्हणून पदर काळवंडतो. एसआरजीबीमधला निव्वळ हिरवा अडोबी आरजीबीत १४४, २५५, ६० होतो. त्यातला १४४ एवढा लाल अंश उघडा पडला की पोपटी काठ पिवळट दिसणारच.

खात्री करायची असेल तर वेबसाइटवरचा फोटो उतरवून फोटोशॉपमध्ये उघडा व खालच्या पट्टीत डॉक्युमेंट प्रोफाइल पाहा. तेथे ‘अनटॅग्ड आरजीबी’ (म्हणजे प्रोफाइल नसलेले) असे दिसले, तर शंका खरी ठरली.

उपाय असा, की सगळे संस्करण संपल्यावर प्रत काढून ती ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ने एसआरजीबीत आणावी आणि प्रोफाइल एम्बेड करून (फाइलमध्येच समाविष्ट करून) जेपीईजी साठवावी. एसआरजीबीचे नेहमीचे प्रोफाइल जेमतेम ३ केबीचे असते, त्यामुळे ते वगळून जागा वाचवण्यात काही हशील नाही. आणि वेबसाइटने ते काढलेच, तरी आकडे एसआरजीबीचे असल्याने रंग हलत नाही. मात्र त्याच मेनूमध्ये शेजारी असलेले ‘असाइन प्रोफाइल’ वापरू नका. कन्व्हर्ट आकडे बदलून रंग राखते, तर असाइन आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते. मी एकदा घाईत एका समारंभाच्या सगळ्या फोटोंना असाइन केले आणि फिकेपणा झाकण्यासाठी सॅच्युरेशन वाढवत बसलो. ते सगळे काम पुन्हा करावे लागले.

फोटो केवळ वेबसाइटसाठीच असतील, तर कॅमेऱ्यातच एसआरजीबी ठेवलेले बरे. अनेक कॅमेरे अडोबी आरजीबीतल्या फाइलचे नाव अधोरेषेने सुरू करतात, त्यावरून जुन्या फाइली ओळखता येतील. रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधील मूळ माहितीवर मात्र या सेटिंगचा परिणाम होत नाही.

प्रश्न : आयफोनने काढलेल्या फोटोंनाही हेच करावे का?

उत्तर : होय. २०१६ च्या आयफोन ७ पासून हे फोन फोटो डिस्प्ले पी३ या एसआरजीबीपेक्षा विस्तृत रंगावकाशात टिपतात. प्रोफाइल टिकले तर आजचे ब्राउझर ते नीट दाखवतात. टिकेल याची शाश्वती नसेल, तर एसआरजीबीत आणावे. मूळ फाइल जपून ठेवावी, कारण एसआरजीबीच्या बाहेरच्या छटा एकदा छाटल्या गेल्या की परत येत नाहीत.

प्रश्न : एवढे करूनही ग्राहकाच्या मोबाइलवर रंग वेगळा दिसला तर?

उत्तर : दिसू शकतो. पुष्कळ मोबाइलमध्ये रंग मुद्दाम गडद करणारा डिस्प्ले मोड असतो, आणि त्यावर आपला काहीच ताबा नसतो. साडीच्या वर्णनात पदर, काठ आणि अंगाचे रंग शब्दांत लिहावेत आणि एक फोटो खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात काढलेला ठेवावा.