गज फिरतोय, पण आवाज कुठाय?

नवं व्हायोलिन घेतलंस, गज फिरवलास आणि नुसती खसखस ऐकू आली, म्हणून लगेच दुकानदाराला शिव्या घालू नकोस. आधी गजाला राळ लाव. गजाचे कोरे केस तारेवरून नुसते घसरतात. राळ लागली की ते तारेला धरून ओढतात, ताण वाढला की तार निसटते, परत पकडली जाते. 440 हर्ट्झच्या स्वरात हे सेकंदाला 440 वेळा चालतं! म्हणूनच जास्त दाबलंस की तार वेळेवर सुटत नाही आणि जुनं दार करकरावं तसा आवाज येतो.

एकटी तार हवा फारशी हलवत नाही. तिचं कंपन घोडीतून, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी पट्टीतून, वरच्या फळीत उतरतं, खरं गाते ती फळी. 'एफ'च्या आकाराच्या भोकातून आत डोकाव. घोडीच्या एका पायाजवळ पेन्सिलीएवढा लाकडी खांब दिसेल, साउंड पोस्ट. फ्रेंच लोक त्याला 'आत्मा' म्हणतात, आणि ते उगाच नाही. तो चिकटवलेला नसतो, दोन फळ्यांमध्ये दाबून उभा असतो. मी पहिल्यांदा तारा बदलताना चारही एकदम सोडल्या, आणि आत टक्कन काहीतरी पडलं. कारागिराकडे जाऊन तो पुन्हा उभा करून आणावा लागला. तेव्हा तू एकेकच तार बदल. सूर लावून झाला की घोडी पुढे झुकली नाही ना, तेही बघ. आणि फळीवर साचलेली राळेची पांढरी भुकटी रोज सुक्या फडक्याने पूस.