दुधाचा वास आणि दुधाला वास

प्रश्न असा आलाय: "मी इंदूरला वाढले, घरी मराठीच बोलतो पण हिंदी मिसळलेली. परवा सासरी गॅसवर आमटी उकळत होती, मी कौतुकाने म्हणाले, काय वास येतोय आमटीला! तर सगळे एकदम गप्प, आणि सासूबाईंनी येऊन झाकण काढून नाक लावून बघितलं. वास हा शब्द वाईट आहे का? सुवास म्हणायला हवं होतं का?"

नाही हो, आमटीला सुवास कोण म्हणतं! सुवास उदबत्तीच्या पुड्यावर छापलेला असतो किंवा सत्काराच्या भाषणात असतो, स्वयंपाकघरात नसतो. तुमचा 'वास' अगदी बरोबर होता, घात केला तो 'ला'ने.

असं बघा. "दुधाचा वास येतोय" म्हणजे कुठेतरी दूध तापतंय आणि ते मला कळलं. "दुधाला वास येतोय" म्हणजे दूध गेलं, चहा काळाच प्या. शब्द तोच, क्रियापद तेच, फक्त 'चा'चं 'ला' झालं आणि दूध नासलं. भाताला वास येतोय, डब्याला वास येतोय, ओल्या टॉवेलला वास येतोय, यातलं एकही चांगलं नाही आणि कुठेही 'वाईट' हा शब्द वापरलेला नाही, तरी आपल्याला कळतं. म्हणजे 'ला' लावून 'वास येतो' म्हटलं आणि कुठला वास ते सांगितलं नाही, की मराठी माणूस तो वाईटच धरतो. तुम्ही मधे एक 'मस्त' टाकला असतात तरी वाचला असतात. पण अस्सल दाद हवी असेल तर "काय वास सुटलाय आमटीचा!" म्हणायचं. सुटणे हे क्रियापद इथे फार गोड आहे, बांधून ठेवलेलं काहीतरी मोकळं झाल्यासारखं, आणि नुसतं "वास सुटलाय" म्हटलं की तोंडाला पाणीच सुटतं (तेही सुटतंच). याच्या उलट टोकाला 'मारणे'. वास मारतोय म्हटलं की विषय संपला, तिथे मस्त-बिस्त काही जोडता येत नाही.

आता यात एक मजा आहे जी मला कोविडच्या काळात लक्षात आली. ज्याला त्याला फोनवर विचारायचे, "तुला वास येतो का?" आणि ऐकणारा पण काळजीने सांगायचा, "नाही रे, पाच दिवस झाले, मला अजिबात वास येत नाही." आता हेच वाक्य जरा लिफ्टमध्ये उभं राहून शेजारच्याला म्हणून बघा! "त्याला घामाचा वास येतो" याचे तर सरळ दोन अर्थ होतात, एक त्याचं नाक तिखट आहे आणि दुसरा त्याने आंघोळ करावी. वास घेणाराही 'ला' आणि वास असणाराही 'ला', व्याकरणाने दोघांना एकाच बाकावर बसवलंय. म्हणून तर आपण दुसऱ्या अर्थी बोलताना हळूच 'अंगाला' घालतो, त्याच्या अंगाला वास येतो. दुधाच्या बाबतीत ही अडचण नाही कारण दुधाला नाक नसतं.

पण म्हणून 'ला' नेहमी वाईट असंही नाही. तांदूळवाल्याकडे "ह्या तांदळाला वास आहे" म्हटलं की भाव वाढतो. इथे 'येतोय' नाही, 'आहे' आहे. आहे म्हणजे अंगचा गुण, येतोय म्हणजे नंतर झालेली भानगड. (माझी एक मावशी आंबेमोहोराला "वास होता पूर्वी" म्हणते, ते वाक्य ऐकण्यासारखं असतं.) आणि 'वासाचा' हे विशेषण तर कायम कौतुकाचंच: वासाचा तांदूळ, वासाचं तेल, वासाचा साबण. नासक्या दुधाला वासाचं दूध कोणी म्हणत नाही. फुलांतही मोगरा, बकुळ, सुरंगी ही वासाची फुलं, आणि अबोली बिचारी बिनवासाची, म्हणून गजऱ्यात तिला मोगऱ्याच्या शेजारी ओवतात.

सासूबाईंची बाजू घ्यायची तर शब्द खरंच बिघडतात, ती भीती काही अगदीच खोटी नाही. 'घाण' बघा. संस्कृतात घ्राण म्हणजे नाक किंवा हुंगणं, त्यात वाईट काही नाही. मराठीत येईपर्यंत त्याची घाण झाली, आधी दुर्गंध आणि मग सरळ कचरा. 'दर्प' म्हणजे मुळात गर्व, आपल्याकडे तो नाकात जाणारा उग्र वास झाला (आणि मला हे फार पटतं, काही अत्तरं खरोखर गर्विष्ठ असतात). तमिळमध्येही असंच झालंय, तिथला नाट्रम हा शब्द जुन्या काव्यात सुगंधासाठी आहे आणि आज तो शब्द दुर्गंधासाठी वापरतात, आणि आपल्या 'वास'चा भाऊ 'वासनै' मात्र तिथे छान सुगंध म्हणून नांदतोय. गोव्यात कोकणीत सुगंधाला परमळ म्हणतात, म्हणजे आपल्या कवितेतला परिमळ तिथे रोजच्या बोलण्यात आहे. आपण मात्र तो शब्द अभंगात ठेवून दिलाय, याचं मला वाईट वाटतं.

बाकी वासाच्या बाबतीत शास्त्रकारांनी पण कंजुषीच केलीय. तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या जुन्या संस्कृत पुस्तकात अन्नंभट्ट रूपाचे, म्हणजे रंगाचे, सात प्रकार सांगतो, रसाचे, म्हणजे चवीचे, सहा, आणि गंधाचे फक्त दोन, सुरभी (चांगला) आणि असुरभी (वाईट). झालं! अहो, मराठी बाईला विचारायचं होतं. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट, जुन्या खोबऱ्याचा खवट, मासळीचा वशाट, तळाला लागलेल्या भाजीचा करपट, शिळ्या डाळीचा आंबूस, दारूचा भपकारा. हे सगळं असुरभी या एका पोत्यात कसं भरणार? चांगल्या बाजूला शब्द कमी आहेत हे खरं, पण खमंग आणि खरपूस आहेत ना. आणि खरपूस नि करपट यात अंतर किती, तर फोन उचलून "हां बोल" म्हणण्याइतकं.

असं म्हणतात की जगात बहुतेक भाषांत वासांना स्वतःची नावं नसतात, लिंबाचा वास, रॉकेलचा वास अशी वस्तूची नावंच उसनी घ्यावी लागतात. पण मलाय द्वीपकल्पात जहाय म्हणून शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून राहणारे लोक आहेत, त्यांच्या भाषेत डझनभर शब्द नुसत्या वासांचे आहेत, 2014 मध्ये आसिफा माजिद आणि निक्लास बुरेनहुल्ट या दोघांनी त्यावर संशोधन छापलं. त्यांच्यात पेट्रोल, धूर आणि वटवाघळांची विष्ठा यांना मिळून एक शब्द आहे. हे वाचून मला आपला 'कुबट' आठवला, तोही कुठल्या एका वस्तूचा वास नाही, टॉवेल कुबट, बंद खोली कुबट, जुनी गादी कुबट, तरी सगळ्यांना एकच कळतं. खमंगचंही तेच, चकली, थालीपीठ, फोडणी, शिवाय शेजारच्या बिल्डिंगमधली बातमी.

आवडीनिवडीचं मात्र शब्दांना काही करता येत नाही. मला पेट्रोल पंपावर काच खाली करायला आवडतं, आगकाडी विझल्या विझल्या येतो तो वास आवडतो, आणि डांबरगोळ्यांचं कपाट उघडलं की बायको नाक दाबते नि मी आत डोकं घालतो. यातला एकही सुवास नाही. साधा वासच आहे, आणि म्हणून तो शब्द सोडू नका.

तर सासूबाईंना सांगा की चूक फक्त प्रत्ययाची होती. आणि इंदूरच्या मराठीचं मला खरंच जाणून घ्यायचंय: भुट्ट्याचा कीस परतायला घेतला की तुमच्याकडे वास सुटतो म्हणतात की येतो, आणि किसाचा की किसाला?