मामाचे डॉलर अन् भाच्याची फी

प्रश्न : ताई, माझा भाऊ अमेरिकेत असतो, माझ्या पोराच्या इंजिनिअरिंगची फी तोच भरतो. त्याच्या ऑफिसातला व्हिएतनामी दोस्त म्हणे गावाकडच्या तीन भाचरांना शिकवून राहिला. यांच्यातही आपल्यासारखंच असते का? अन् मला फार ओशाळल्यासारखं होते, काय करू? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : असते म्हणजे काय, अगदी आपल्यासारखंच! 1975 ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन उत्तरेकडच्या कम्युनिस्टांच्या हाती पडली, त्यानंतर लाखो लोक देश सोडून गेले, कित्येक तर होडीतून, अन् सुरुवातीला हे लोक घरी पैशांपेक्षा औषधं, कापड असली पार्सलं पाठवायचे, घरचे ते बाजारात विकून भागवायचे. 1986 नंतर तिथली अर्थव्यवस्था मोकळी झाली, मग पैसे पाठवणंही हळूहळू सोपं झालं. बाहेरच्या व्हिएतनामींना तिकडे 'व्हिएत किऊ' म्हणतात, अमेरिकेत त्यातले पुष्कळ नेल सलूनमध्ये दिवसभर मान खाली घालून राबतात, अन् इकडे सगळ्यांना वाटते डॉलर झाडाला लागतात. अन् भाचरांच्या शिक्षणाचं म्हणाल तर व्हिएतनाममध्ये शाळेशिवाय जादा ट्यूशनचाही खर्च भारी, आपल्याकडच्या नीट-जेईईच्या क्लाससारखा.

आता तुमचं. ओशाळू नका, पण हिशोब ठेवा. पोराला दर सेमिस्टरला निकाल अन् फीची पावती स्वतः मामाला व्हॉट्सअॅप करायला लावा, तुम्ही नाही, त्यानंच. सख्ख्या मामाकडून आलेल्या भेटीवर भाच्याला इन्कम टॅक्स लागत नाही, फक्त पैसे बँकेतूनच येऊ द्या. अन् फीच्या पैशात बाईक घेऊ नका म्हणजे झालं!