मारुतीची बलेनो आणि टोयोटाची ग्लान्झा एकाच कारखान्यात बनतात, तरी टोयोटाचा पत्रा जास्त दणकट असतो का?

तुम्ही नांदेडहून विचारलंय. घरचे म्हणतायत, टोयोटाचा पत्रा मजबूत, म्हणून बलेनो सोडून ग्लान्झाच घे. पत्र्याचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो, कारण माझी सगळी नोकरी वाळूजला प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून गाडीचे भाग काढतात तिथं, गेली.

पत्रा तोच आहे. ग्लान्झा 2019 च्या जूनमध्ये आली, ती सुझुकीच्या गुजरातमधल्या हंसलपूरच्या कारखान्यातून, बलेनोसोबतच. पुढची जाळी, बंपर, बॅज, आतले रंग बदलतात. दरवाजे, इंजिन, गिअरबॉक्स सगळं एक. घरच्यांना हे स्पष्ट सांगा.

लोकांना वाटतं, भारी कंपनीच्या गाडीला कुणीतरी वेगळा, जाड पत्रा घालत असेल. एक डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बनवायला काय खर्च येतो हे माहीत असलेला माणूस असं बोलणारच नाही. डाय एकदा प्रेसवर चढली की खाली येणारा प्रत्येक तुकडा सारखा. तो माप तपासायच्या एकाच चेकिंग फिक्स्चरवर बसतो, त्याच माणसाच्या हाताखालून जातो, आणि मग डिस्पॅचला लेबल लागतं. आमच्याकडून एकाच डायचा ब्रॅकेट दोन कंपन्यांच्या ट्रॉल्यांत जायचा. गेटबाहेर गेला की एकाची किंमत एक, दुसऱ्याची दुसरी.

माझे मोठे साडू परभणीचे. त्यांनी अशाच एका जोडीतली गाडी घेतली, त्यातल्या त्यात मोठ्या नावाची. कोणती ते लिहीत नाही. जिंतूरला एका लग्नाच्या मांडवात मी म्हणालो, दोन्ही गाड्या एकच आहेत. तर सगळ्या पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "साडूभाऊ, काय बी सांगायलाव. तुमी पत्रे ठोकणारी माणसं, तुमाला ब्रँड काय कळतंय?" मंडपात हशा झाला. माझी बायको त्यांच्या बायकोची सख्खी बहीण, त्यामुळे मी गप्प बसलो.

पुढं त्यांच्याच गाडीला रात्री रानडुक्कर आडवं आलं. डावा फेंडर, म्हणजे पुढच्या चाकावरचा पत्रा, गेला, एसीचा कंडेन्सर फुटला. वर्कशॉपवाले म्हणाले, माल वरून यायचाय, थांबा. ऐन उन्हाळा, घरात लग्नाची धावपळ आणि गाडी उभी. मी संभाजीनगरहून जोडीतल्या दुसऱ्या ब्रँडच्या नावाचा फेंडर आणि कंडेन्सर घेतला आणि परभणीला त्यांच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे घेऊन गेलो. बोल्टाची सगळी भोकं जुळली. बॉनेटची फट वरपासून खालपर्यंत सारखी आली, मी बोट फिरवून बघितली. मेस्त्रीनं जुना आणि नवा फेंडर शेजारी ठेवले, आतल्या बाजूचा ठसा एकच होता. साडूभाऊ म्हणाले, "रंग जरा वेगळा दिसायलाय." रंग तर मेस्त्रीनंच मारलेला होता! तेव्हापासून आजवर या विषयावर त्यांनी तोंड उघडलेलं नाही, आणि मांडवातलं बोलणंही मागं घेतलेलं नाही.

मला राग ब्रँडचा नाही. काम करणाऱ्या हाताला किंमत नाही, याचा आहे. आपल्या संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला 2001 पासून स्कोडा जुळल्या. पुढं त्याच आवारात फोक्सवॅगनची पसाट, जेट्टा आणि ऑडीही जुळल्या. तिन्ही कंपन्यांच्या गाड्यांना हात लावणारी पोरं पैठण-फुलंब्रीकडची, आयटीआय झालेली. गावात मात्र ऑडीवाला मोठा आणि ती जोडणारा फिटर पत्रे ठोकणारा.

बरं, नेहमी मारुतीच देते आणि टोयोटा घेते असंही नाही. 2018 मध्ये दोघांचा एकमेकांना गाड्या द्यायचा करार झाला. मारुतीची इनव्हिक्टो म्हणजे टोयोटाची हायक्रॉस. मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर 2022 मध्ये आल्या, त्या दोन्ही टोयोटाच्या बंगळूरजवळच्या बिडदीच्या कारखान्यातून. त्यांत साध्या पेट्रोलला सुझुकीचं इंजिन, स्ट्राँग हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणाऱ्या गाडीला, टोयोटाचं. मग आता कुणाचा पत्रा कच्चा म्हणायचा? रेनोची डस्टर आणि निसानची टेरानो हीही अशीच जोडी होती, दोन्ही चेन्नईजवळ ओरगडमला बनायच्या.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. प्लॅटफॉर्म एक असणं वेगळं आणि गाडीच एक असणं वेगळं. स्कोडाची कुशाक आणि फोक्सवॅगनची टायगून यांचा सांगाडा एक, पण बाहेरची बॉडी वेगळी आहे. तिथं एकाचा दरवाजा दुसऱ्याला बसवायला जाऊ नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर मी साडूंच्या गाडीला केलं तसं बाहेर काही करू नका, क्लेम अडकतो.

वॉरंटीवरून ग्लान्झा घ्यावी, हा मुद्दा पूर्वी खरा होता. टोयोटा 3 वर्षं किंवा 1 लाख किलोमीटर द्यायची, मारुती 2 वर्षं किंवा 40 हजार. जुलै 2024 पासून मारुतीनंही 3 वर्षं, 1 लाख केलं. आता त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

दोन्ही शोरूमला जा. तुम्हाला हव्या त्या मॉडेलची ऑन-रोड किंमत कागदावर घ्या, आणि फेंडर, हेडलाइट, कंडेन्सर या तिघांचे भाव आणि माल किती दिवसांत येतो हे सर्व्हिसच्या काउंटरला विचारा, सेल्सच्या पोराला नाही. तुमचं गाव नांदेडपासून लांब असेल, हदगाव-किनवटकडं, तर जवळ ज्याचं वर्कशॉप त्याची गाडी घ्या.