क्राकूवला येणाऱ्या पालकांस

नोकरीनिमित्त क्राकूवला येताना नऊ वर्षांच्या मुलीला पोलिश सरकारी शाळेत घालावे का, असे आपण विचारले आहे. निवास-परवान्याचे नियम सरकारी संकेतस्थळावर आहेतच. त्या कार्यालयात ताटकळताना मी पोलंडच्या पहिल्या राजघराण्याची, म्हणजे प्यास्त राजांची, वंशावळ पाठ केली आणि पुढे परवान्यापेक्षा तीच जास्त कामी आली, एवढेच सांगतो.

इथे चौथीपासून इतिहास हा स्वतंत्र विषय असतो, त्यामुळे मूल भाषेत रुळण्याआधीच ९६६ मधला पोलंडचा राज्यकर्ता म्येश्को याचा बाप्तिस्मा त्याच्यापुढे उभा ठाकतो. माझ्या मुलाच्या वर्गाने १२४१ च्या तातार (मंगोल) स्वारीवर नाटुकले बसवले. मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यावरून इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला, अशी आख्यायिका असून आजही दर तासाला ती धून मध्येच तोडतात. मध्ययुगीन साधनांत मात्र या प्रसंगाचा मागमूस नाही. बाण मारणारा तातार कोणी व्हायचे, याची चर्चाही झाली नाही, कारण वर्गात सावळा मुलगा एकच होता. पुठ्ठ्याचे धनुष्य त्याने हौसेने रंगवले; सल राहिला तो माझ्या मनात.

कारण हा इतिहास बाहेरून आलेल्यांनीच तर घडवला. म्येश्कोची ख्रिस्ती पत्नी दोब्रावा चेक होती. तातारांनी बेचिराख केलेल्या क्राकूवला १२५७ मध्ये माग्देबुर्ग कायद्याची, म्हणजे जर्मन धर्तीच्या नगर-स्वशासनाची, सनद मिळाली आणि जर्मन व्यापारी येऊन वसले; १२६४ च्या कालिश सनदेने ज्यूंना संरक्षण दिले. १३८४ मध्ये इथल्या वावेल टेकडीवर राज्याभिषेक झालेली यादविगा हंगेरीच्या राजाची मुलगी, तर तिचा पती यागिएवो लिथुआनियाचा. आणि १४१० मध्ये ग्रुनवाल्डला ट्यूटॉनिक सरदारांचा (जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा) पाडाव करताना त्याच्या बाजूने तातार घोडेस्वारही लढले. नाटुकले बसवणाऱ्या वर्गाच्या बाईंना हे ऐकवण्याइतकी पोलिश मला तेव्हा येत नव्हती. आता येते, पण मुलगाच म्हणतो, "बाबा, राहू द्या ना आता."

एकटेपणाचे म्हणाल, तर डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, सवय होते.

मुलीला शक्यतो चौथीच्या आधी आणा आणि हा इतिहास तिला मराठीतून सांगून ठेवा, म्हणजे नावे ओळखीची झाल्यावर परक्या भाषेतला धडाही बराचसा उलगडतो. सुरुवात यादविगापासून करा: ती जेमतेम दहा-अकरा वर्षांची असताना इथे आली, ऑस्ट्रियाच्या विल्हेल्मशी ठरलेले तिचे लग्न राज्यासाठी मोडण्यात आले, आणि १३९९ मध्ये मरताना तिने आपले दागिने क्राकूव विद्यापीठासाठी ठेवले. लग्न का मोडले, हे आपली मुलगी नक्की विचारेल. तेव्हा लिथुआनियाचा नकाशा हाताशी असू द्या.