मालिकेची 'बँक संपली' म्हणतात, म्हणजे नेमकं काय होतं?

बँक म्हणजे प्रक्षेपणाआधी तयार असलेले भाग. अर्ध्या तासाच्या स्लॉटला जाहिराती वगळून साधारण 20 ते 22 मिनिटांचा भाग लागतो. आठवड्याला सहा भाग जाणार म्हटल्यावर सेटवरून रोज जवळपास तेवढं फुटेज निघायलाच हवं. 12 तासांच्या शिफ्टमध्ये ते जेमतेम बसतं.

घोळ बहुतेकदा कागदावरच सुरू होतो. कथा, पटकथा आणि संवाद अनेकदा वेगवेगळे लोक लिहितात. गुरुवारी टीआरपी घसरलेला दिसला की वाहिनी कथानक वळवायला सांगते, संवाद अडकतात. इकडे गोरेगावच्या चित्रनगरीत कलाकार मेकअप करून बसलेले आणि सीन अजून व्हॉट्सॲपवर यायचाय!

त्यात सीन क्रमाने शूट होत नाहीत. दिवाणखान्याचं लायटिंग एकदा लागलं की दोन-तीन भागांतले तिथले सगळे सीन उरकून घेतात. म्हणून सहायक दिग्दर्शक प्रत्येक सीननंतर फोटो काढून ठेवतो: टिकली कोणती, मंगळसूत्र पदराच्या आत की बाहेर. एक फोटो राहिला की बाई हिरव्या बांगड्यांत दाराबाहेर पडते आणि अंगणात लाल बांगड्यांत उतरते.

बँक आटली की दुसरं युनिट, म्हणजे शूटिंगची आणखी एक टीम लावतात. संकलन, पार्श्वसंगीत, वाहिनीची तपासणी सगळं रातोरात. तोच धक्का बसलेला चेहरा तीनदा दिसला आणि 'मागील भागात' नेहमीपेक्षा लांबलं, तर बहुधा फुटेज कमी पडलंय.