ते निमंत्रण नव्हे

प्रिय,

तू पाठवलेली मेल मी तीनदा वाचली. विषय चांगला आहे, इकडे यायचं झालं तर स्वागतच आहे, एवढंच त्या परदेशी प्राध्यापकांनी लिहिलंय. आणि तू मला विचारतेस की राजीनामा या महिन्यात द्यावा की पुढच्या! दोन्ही नको. ते निमंत्रण नव्हे, ते सौजन्य आहे. त्यांनी मनापासून लिहिलं असेल, मला शंका नाही. पण व्हिजिटिंग स्कॉलर, म्हणजे काही काळापुरता पाहुणा संशोधक, म्हणून कुणाला बोलवायचं हे एकट्या प्राध्यापकाच्या हातात नसतं.

यजमान प्राध्यापकाने हो म्हटल्यावर विभागाची मंजुरी लागते. बसायला जागा नाही, या वर्षीचे पाहुणे भरले, असं सांगून विभाग सरळ नाही म्हणू शकतो. तिथून कागद आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडे जातात. ते तुझी पदवी, तारखा आणि पैशाचे पुरावे तपासतात आणि मग व्हिसासाठी लागणारा दस्तऐवज देतात. त्यानंतर व्हिसाच्या मुलाखतीची तारीख. यातली कुठलीही पायरी सुट्टीत अडकली की महिना गेला समज. म्हणून मोजणी उलटी करायची. ज्या दिवशी तिथे पोचायचं, त्याच्या नऊ महिने ते वर्षभर आधी सुरुवात. तू चार महिने धरलेस, ते पुरणार नाहीत.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: लेखी घे.

काय लेखी घ्यायचं? पदाचं नेमकं नाव, कारण ‘व्हिजिटिंग स्कॉलर’ आणि ‘व्हिजिटिंग स्टुडंट’ यांत पुष्कळ फरक असतो. तुझी पीएच.डी. अजून हातात नाही. बऱ्याच विद्यापीठांत पीएच.डी. न झालेल्याला विद्यार्थी गटात टाकतात. तिथे शुल्क वेगळं, व्हिसाही वेगळा. सुरुवातीची आणि शेवटची तारीख. पगार किंवा भत्ता मिळणार का. बहुतेक ठिकाणी काहीच मिळत नाही, उलट विद्यापीठच पाहुण्याकडून प्रशासकीय शुल्क घेतं आणि प्रयोगशाळेत बेंच फी, म्हणजे तिथली जागा आणि साहित्य वापरण्याचं शुल्क, वेगळी लागते. टेबल मिळणार का, ग्रंथालयाचं कार्ड मिळणार का, घरून डेटाबेस उघडता येतील असं खातं मिळणार का. आणि जो प्रश्न विचारायला सगळ्यांना संकोच वाटतो तो: त्या काळात प्राध्यापक स्वतः तिथे असतील का? प्राध्यापक सबॅटिकलवर, म्हणजे संशोधनासाठीच्या लांब रजेवर, जातात. उत्तर गोलार्धात जून ते ऑगस्ट विभाग ओस पडलेले असतात. ज्यांच्यासाठी गेलो तेच दुसऱ्या खंडात, हा प्रसंग वाटतो त्यापेक्षा वारंवार घडतो.

हे सगळं विचारणं उद्धट दिसेल, असं तू लिहिलंस. पोरी, भीड ही भिकेची बहीण. ज्यांना खरंच तुला बोलवायचं आहे त्यांना हे प्रश्न आवडतात, कारण विभागाला द्यायच्या अर्जात त्यांना हीच माहिती भरायची असते. मला लोक चिकट म्हणतात ते याच सवयीमुळे. म्हणोत. मी आयुष्यात जेवढं गमावलं त्यातलं बरंचसं विचारायला लाजल्यामुळे गमावलं, आणि त्यानंतर लाजणं सोडलं. त्याची कहाणी इथे सांगत बसत नाही.

पैशाबद्दल तू अर्धवट लिहिलंस, म्हणून स्पष्ट विचारते: कोण देणार? निमंत्रण आणि फेलोशिप या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेक फेलोशिपांना अर्जासोबतच निमंत्रणपत्र लागतं. म्हणजे निमंत्रण आधी. पैशाच्या पत्रात दरमहा रक्कम, चलन आणि कालावधी हवा. ‘संस्था खर्च उचलेल’ एवढंच लिहिलेलं पत्र परत येतं. स्वतःच्या बचतीवर जाणार असशील तर बँकेचं विवरण लागेल, आणि सोबत घरचं कुणी येणार असेल तर त्यांच्या खर्चाचा पुरावा वेगळा.

अमेरिकेला जायचं ठरलं तर जे-१ व्हिसाचे, म्हणजे पाहुण्या अभ्यासकांना मिळणाऱ्या व्हिसाचे, गट नीट समजून घे. ‘रिसर्च स्कॉलर’ गटात पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण तो कार्यक्रम संपला की, तू तिथे तीनच महिने राहिलीस तरीही, पुढचे २४ महिने त्या गटात परत जाता येत नाही. ‘शॉर्ट-टर्म स्कॉलर’ला ती अट लागत नाही, मात्र तो सहा महिन्यांच्या पुढे वाढत नाही. चार महिन्यांच्या भेटीसाठी कार्यालयाने सवयीने पहिला गट लिहिला, तर पुढची मोठी संधी आल्यावर तू दोन वर्षं बाहेर. डीएस-२०१९, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाकडून मिळणारा तो दस्तऐवज, येण्याआधी गट विचार, आल्यावर पुन्हा तपास. सरकारी पैशावर गेलीस तर परतल्यावर मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट लागू होते. तीही आधीच माहीत असू दे. सेविस, म्हणजे अमेरिकी सरकारच्या परदेशी विद्यार्थी-अभ्यासकांच्या नोंदणीचं, शुल्क २२० डॉलर, ते व्हिसा शुल्काहून वेगळं. विम्यात दर आजारामागे किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण हवं, आणि उपचाराच्या खर्चातली स्वतः भरायची रक्कम ५०० डॉलरच्या वर नको. स्वस्तातला प्रवासी विमा यात बहुधा बसत नाही.

युरोपचा विचार असेल तर सापळा वेगळा आहे. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल (पीएच.डी.नंतरच्या) फेलोशिपला नियम असा, की अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. आज हौसेने तिथे सव्वा वर्ष राहिलीस तर उद्या त्याच देशासाठी ही फेलोशिप मागता येणार नाही.

तुझा आराखडा वाचला. सहा महिन्यांत तीन शोधनिबंध आणि पुस्तकाचं एक प्रकरण! हे वाचून मला राग आला, कारण तुझी कुवत मला माहीत आहे आणि हा आराखडा तिला शोभत नाही. पहिला महिना ओळखपत्र, बँक, घर आणि खाती उघडण्यात जातो. शेवटचा आवरण्यात जातो. उरले चार. चार महिन्यांत एक प्रश्न सुटतो, तोही डेटा आधीपासून हाताशी असेल तर. माणसांच्या मुलाखती किंवा रुग्णांची माहिती लागणार असेल तर एथिक्स कमिटीची (संशोधनातली नैतिकता तपासणाऱ्या समितीची) मंजुरी तिथे पोचल्यावर मागायची नाही. त्यात महिने जातात. दोन पानांचा आराखडा कर. प्रश्न, तो त्याच ठिकाणी का सुटेल, महिन्यागणिक काम, परतताना हातात काय असेल. ‘त्याच ठिकाणी का’ याचं उत्तर विद्यापीठाची कीर्ती हे नव्हे. एखादं उपकरण, एखादा संग्रह, किंवा त्या प्राध्यापकांनी मांडलेली एखादी पद्धत, असं काही बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

हे जुळलं नाही तर दुसरीकडे लिही. दोनशे शब्दांत मेल, त्यांचा एक निबंध खरोखर वाचून त्यातल्या एका मुद्द्याशी तुझा प्रश्न जोडलेला, तारखा, पैशाचा स्रोत, सोबत दोन पानांचा परिचय. दोन आठवडे थांब, एकदा आठवण कर, मग सोडून दे. एकाच विभागातल्या दोघांना एकाच वेळी लिहू नकोस. ते एकमेकांशी बोलतात.

तिथे गेल्यावरही तेच, लेखी घे. पहिल्याच आठवड्यात दर पंधरा दिवसांनी अर्ध्या तासाची भेट ठरवून दोघांच्या कॅलेंडरवर टाक. ‘गरज पडली की भेटू’ म्हणजे भेट होत नाही. प्रत्येक भेटीनंतर त्याच दिवशी चार ओळींची मेल: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. निबंधावर कुणाची नावं, कोणत्या क्रमाने, हे पहिल्या महिन्यात ठरव. काम झाल्यावर हा विषय काढला की तो कडवट होतो. तुझ्याकडून बौद्धिक संपदेच्या करारावर सही घेतील. तो वाच, कारण इथल्या तुझ्या संस्थेचाही त्यावर हक्क असू शकतो आणि दोन्हीकडे सही करून बसलीस तर अडकशील. विभागाच्या सेमिनारमध्ये बोलायची तारीख दुसऱ्या महिन्यातली माग. शेवटच्या आठवड्यात बोललीस तर लोक छान प्रश्न विचारतील आणि उत्तर शोधायला तू तिथे नसशील. डेटा बाहेर नेण्याची परवानगी मुक्कामात असतानाच घे, कारण खातं बंद झालं की ग्रंथालयातून उतरवून घ्यायचे राहिलेले लेखही गेले.

इथल्या रजेचं तू काहीच लिहिलं नाहीस. राजीनामा हा एकच मार्ग तुला कुणी सांगितला? अभ्यासरजा, बिनपगारी रजा, ना हरकत प्रमाणपत्र, यांची चौकशी कर, आणि साहेबांचं तोंडी ‘बघू’ धरून चालू नकोस. परतल्यावर किती वर्षं नोकरी करायचं बंधपत्र घेतात तेही वाच.

आता त्या प्राध्यापकांना उत्तर. इंग्रजी तू तुझं करशील, मजकूर असा ठेव:

“आपल्या उत्तराबद्दल आभार. मला अमुक महिन्यापासून सहा महिन्यांसाठी यायचं आहे. दोन पानांचा आराखडा जोडला आहे. खर्चासाठी मी अमुक ठिकाणी अर्ज करणार आहे आणि त्याला निमंत्रणपत्र लागतं. या काळात आपण विद्यापीठात असाल का? विभागाची मंजुरी कशी मिळते आणि त्यासाठी माझ्याकडून काय हवं? पाहुण्यांकडून काही शुल्क घेतलं जातं का? पीएच.डी. पूर्ण व्हायची असल्यामुळे माझी नोंद कोणत्या गटात होईल?”

चारच प्रश्न. आराखडा तयार झाल्याशिवाय ही मेल पाठवू नकोस, आणि आराखडा आधी मला दाखव. रविवारपर्यंत दे, मी त्याच रात्री वाचेन. राजीनाम्याचा कागद तोवर खणात राहू दे.

तुझी,
बाई